‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं काय करू?

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द मी या कामात तीनदा नव्याने शिकले. पहिल्यांदा नव्वदच्या दशकात, एच.आय.व्ही.च्या कामात. नवऱ्याकडून लागण झालेली बाई रिपोर्टचा कागद पदराच्या टोकाला बांधून यायची, आणि तो शब्द तिच्या तोंडून ऐकताना आमच्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्यांदा २०२० साली, करोनात. तिसरा अर्थ आता आला आहे, आणि तो कुठल्याही तपासणीविना सरसकट सगळ्यांना लागू केला जातो. सासरी मार खाणारी असो, मानधन थकलेली आशाताई असो, छातीत गाठ सापडलेली शेजारीण असो, सगळ्यांना औषध एकच: पॉझिटिव्ह राहा.

हे सांगणारे बहुतेक वेळा दुष्ट नसतात. काहींना खरोखर आपलं भलं व्हावं असं वाटतं. काहींना आपलं रडणं ऐकवत नाही. आणि काहींचा तो धंदा आहे. या तिघांना वेगवेगळं उत्तर द्यायला हवं, हे मान्य. पण तिघांचंही बोलणं ऐकून घेणारी जी बाई समोर बसलेली असते तिच्यावर परिणाम एकच होतो, तो असा की तिने तोंड मिटायचं. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिते आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या आशांच्या बैठकीत मला एकदा पाहुणी म्हणून बसायला मिळालं. त्या बैठकीला बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. विषय, सकारात्मक विचारांची ताकद. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि आपलं स्वप्न पूर्ण झालेलं आहे असं चित्र मनात आणायला सांगितलं. तेव्हा या बायकांचा तीन महिन्यांचा मोबदला थकला होता. मागच्या रांगेतून एकीने विचारलं, “सर, डोळे उघडल्यावर खात्यात जमा झालेले असतील का?” सगळ्या हसल्या. सरही हसले, आणि म्हणाले, “ताई, हीच तर निगेटिव्हिटी.”

मला त्या उत्तराचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हिशेब विचारणं ही ‘निगेटिव्हिटी’ कधीपासून झाली? आशांची योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली. सरकारच्या लेखी ही बाई कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. योजनेच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘आशा’ हा शब्द तयार झाला तेव्हा कुणाला फार सुंदर वाटलं असेल. करोनात घरोघर फिरली ती हीच बाई. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला, ही आनंदाची गोष्ट. पण महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांना त्याआधी जून २०२१ मध्ये संपावर जावं लागलं होतं, आणि पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा. २०२४ च्या सुरुवातीला त्या मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्य सरकारने मोबदल्यातली वाढ मान्य केली. उन्हातान्हात मैदानावर बसून राहणाऱ्या बाईच्या मनात आशा नसते असं ज्याला वाटतं त्याने एक रात्र तिथे काढून पाहावी. नसती तर ती घरीच राहिली असती. पण ती आशा सरांच्या व्याख्येत बसत नाही, कारण तिच्यासोबत मागण्यांचं निवेदन असतं.

आता दुसरी बाजू. सकारात्मक विचार म्हणजे निव्वळ भूलथापा, असं मी म्हणणार नाही. आमच्या केंद्रात पहिल्यांदा येणारी बाई काय घेऊन येते? आपलं काही होणार नाही, ही खात्री. माहेरचे घेणार नाहीत, पोलीस लिहून घेणार नाहीत, मुलं हिरावली जातील. या खात्रीतली प्रत्येक गोष्ट पूर्वी कुठे ना कुठे घडलेली असते, म्हणून ती उगाच म्हणता येत नाही. पण पहिल्या भेटीत आम्ही जे करतो ते हेच की ही खात्री जराशी हलवायची. त्या दाराशी कुणीतरी उभं राहील, एवढं तिला वाटलं तरी ती दुसऱ्यांदा येते. न वाटलं तर येत नाही. इतक्या वर्षांत मी कायद्याच्या माहितीने उभ्या राहिलेल्या बायका जितक्या पाहिल्या, तितक्याच ‘तुला जमेल गं’ या एका वाक्याने उभ्या राहिलेल्या पाहिल्या.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत शायर आणि कार्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली बायपास शस्त्रक्रिया झालेल्या ५१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा स्वभाव आशावादी होता ते लवकर उठून चालू लागले आणि सहा महिन्यांनी नेहमीच्या आयुष्यात लवकर परतले होते. ते सगळे पुरुष होते. त्यांना घरी गेल्यावर आयतं ताट मिळत होतं का, भाकऱ्या कोण थापत होतं, हे त्या अभ्यासात विचारलेलं नाही. आपण मात्र विचारायला हवं. तरीही निष्कर्ष टाकून देण्यासारखा नाही. आशा असलेला माणूस व्यायाम करतो, औषध घेतो, पुन्हा प्रयत्न करतो.

पण मग कसली आशा? इथे मला गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईचं काम फार उपयोगी वाटतं. तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे अपेक्षा: मी पूर्वी असं केलं आहे, म्हणून मला हे जमेल. दुसरी कल्पनारंजन: जमलंच आहे असं डोळे मिटून पाहणं. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या बायकांवरचा तिचा अभ्यास १९९१ साली आला. ज्यांना आपल्याला जमेल अशी अपेक्षा होती त्यांचं वजन जास्त उतरलं. ज्या सडपातळ झाल्याची गोडगोड चित्रं रंगवत होत्या त्यांचं कमी उतरलं. पुढे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांमध्येही तेच दिसलं. नोकरी मिळाल्याची स्वप्नं जास्त पाहणाऱ्यांना दोन वर्षांनी पगार कमी होता. मनाने आधीच जेवून घेतलं की हात भाकरीकडे जात नाही, असं आपण याला म्हणू.

बचत गटात काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. बँकेत पहिल्यांदा स्वतःच्या नावाची स्लिप भरून आलेली बाई पुढच्या वेळी तहसीलची पायरी चढते. तिचा आत्मविश्वास स्लिप भरल्यानंतर येतो. आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ असं शंभर वेळा म्हटल्याने तो येत नाही. आणि मनातून खचलेल्या बाईला तर त्याने अपायच होऊ शकतो. कॅनडात जोआन वुड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे दाखवलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध काढलं, त्यांना ती वाक्यं म्हटल्यावर, ती न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं. आतून उत्तर येत असणार, ‘खोटं बोलतेस.’

नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर विचार बदलण्याची उपचारपद्धतीही आहे, हे मला माहीत आहे. ॲरन बेक या डॉक्टरने ती साठच्या दशकात मांडली. पण त्यात गोड विचार करायला सांगत नाहीत. तुझ्या विचाराला पुरावा काय, असं विचारतात. पुरावा मागणं आणि पुरावा असून डोळे मिटायला सांगणं, या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. नैराश्य आलेल्या बाईला डॉक्टरकडे न्यायला हवं, सत्संगाला नव्हे, आणि व्याख्यानालाही नव्हे.

मग हे डोळे मिटणं आलं कुठून? अमेरिकेत न्यूयॉर्कचे धर्मगुरू नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांवरचं पुस्तक १९५२ साली आलं आणि भरपूर खपलं. आपल्याकडे शिव खेरांचं पुस्तक १९९८ चं, रोंडा बर्नचं ‘द सिक्रेट’ २००६ चं. दोन्ही मराठीत आली आणि एस.टी. स्टँडच्या स्टॉलवरही दिसू लागली. याच काळात कायम नोकऱ्या जाऊन कंत्राटी आल्या, ही गोष्ट मला सहज आठवते. कारखाना बंद पडला तर प्रश्न मालकाला विचारायचा असतो. या पुस्तकांनी तो आरशाला विचारायला शिकवलं. ‘सिक्रेट’चा दावा तर असा की आपण जसा विचार करतो तशाच गोष्टी आपल्याकडे ओढल्या जातात. हे वाक्य उलटं फिरवून पाहा. मग जिच्यावर अत्याचार झाला तिने तो विचारांनी ओढून आणला? जिची शेती बुडाली तिने पाऊस मनाने हाकलला?

आजारपणात हा उलटा हिशेब फार क्रूर होतो. लुईझ हे या अमेरिकन बाईचं १९८४ चं पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातही मी पाहिलं आहे. त्यात आजारांची यादी आहे आणि प्रत्येक आजारासमोर मनातलं कारण दिलं आहे. स्तनाचे विकार कशाने, तर स्वतःकडे दुर्लक्ष करून सगळ्यांची अति काळजी वाहण्याने. म्हणजे आधी बाईला जन्मभर सगळ्यांच्या पाया पडत, सगळ्यांचं करत ठेवायचं, आणि मग त्यामुळेच तुला गाठ झाली असं तिलाच सांगायचं! आमच्या ओळखीच्या एका मैत्रिणीला केमोथेरपी चालू असताना घरच्यांनी रडायची बंदी केली होती. रडलीस तर पेशी वाढतील, म्हणे. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

अमेरिकेतली कृष्णवर्णीय स्त्रीवादी कवयित्री ऑड्रे लॉर्डने स्तनाच्या कर्करोगावरची टिपणं १९८० साली पुस्तकरूपाने काढली. शस्त्रक्रियेनंतर तिने कृत्रिम स्तन लावायला नकार दिला, तर दवाखान्यातल्या नर्सने तिला सुनावलं की अशाने इथलं मनोधैर्य खचतं. म्हणजे बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून हिने झाकून वावरायचं. वीस वर्षांनी, २००० साली, बार्बरा एहरनराइख या लेखिकेला तोच आजार झाला. तिने आपला राग सहरुग्णांसमोर मांडला तेव्हा त्या बायकांनीच तिला समुपदेशन घ्यायला सांगितलं. २००९ साली तिने या सक्तीच्या हसण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ती २०२२ मध्ये वारली. कर्करोग झाल्यावर तब्बल बावीस वर्षं रागावलेली राहून जगली, एवढं नोंदवून ठेवते.

मनोवृत्तीने कर्करोगाचं आयुष्य वाढतं का, याची तपासणीही झालेली आहे. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मन उल्हसित असण्याचा आणि जास्त जगण्याचा त्यात संबंध सापडला नाही. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या बायकांच्या गटचर्चेने आयुष्य वाढतं, असं १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. पण २००१ साली गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ बायकांवर तेच तपासलं तेव्हा आयुष्य वाढलं नाही. वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि दुखण्याची जाणीव कमी झाली, विशेषतः ज्यांना आधी जास्त त्रास होत होता त्यांची. आणि त्या गटात काय चालायचं? मरणाची भीती, मुलांची काळजी, संताप, जे घरी बोलता येत नाही ते बोलणं. हसरा चेहरा ठेवण्याची तिथे अट नव्हती. मला वाटतं, आपल्या बायकांच्या गटांनी याची आठवण ठेवावी. आपण गेली चाळीसेक वर्षं गोल करून बसून जे करतो आहोत ते यापेक्षा फार वेगळं नाही.

मरण खरोखर कशाने कमी झालं तेही सांगते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन, ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं त्याने, दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी केली. बारा वर्षांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. कुणीही त्या बायकांना विचार बदलायला सांगितलं नव्हतं. तपासणीला या, एवढंच सांगितलं होतं.

भीती ही वाईटच, ती मनातून काढलीच पाहिजे, असा एक समज या सगळ्यामागे आहे. त्याला माझा सर्वांत जास्त विरोध आहे. भीती विकली जाते, हे खरं. बीडच्या ऊसतोड बायकांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती घालूनच कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. २०१९ साली सरकारी समितीने नोंदवलं की पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहातली एक! कोयत्याची उचल घेतलेली, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, फडात ना पाणी ना आडोसा. अशा बाईला खोटी भीती दाखवणारा डॉक्टर आणि खोटी आशा दाखवणारा प्रशिक्षक यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघेही तिच्या हातून माहिती काढून घेतात.

पण खरी भीती ही माहितीच असते. घरात मार खाणाऱ्या बाईचा अंदाज, त्याच्या चपलेच्या आवाजावरून आज काय होणार हे ओळखणं, ही तिने जीव मुठीत धरून मिळवलेली विद्या आहे. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन नर्स संशोधिकेने ऐंशीच्या दशकात बाईच्या जिवाला किती धोका आहे हे ठरवण्यासाठी प्रश्नावली तयार केली. गळा दाबला का, हत्यार आहे का, मारून टाकीन म्हणतो का, मार वाढतो आहे का, असे साधे प्रश्न. पुढे तिच्याच अभ्यासात दिसलं की जवळपास अर्ध्या बायकांना आपल्या जिवाला असलेल्या धोक्याचा पुरता अंदाज आलेला नव्हता. अशा बाईला ‘चांगलंच होईल असा विचार कर’ हे सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्या खोलीत ढकलणं आहे.

आमच्याकडे एक जण वही घेऊन आली होती. त्याआधी ती ज्या समुपदेशकाकडे गेली होती त्यांनी तिला रोज रात्री नवऱ्याच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं होतं. तिने इमानदारीने लिहिलं होतं. ‘आज मारलं नाही.’ ‘आज फक्त हाताने मारलं.’ ‘मुलांसमोर मारलं नाही.’ एकवीस दिवस. मी ती वही वाचली आणि तिला म्हटलं, बाई गं, ही तर कोर्टात द्यायची वही आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश मागता येतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं लिहिलेलं आहे. लागत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल मला पॉझिटिव्ह वाटत नाही आणि वाटूनही घ्यायचं नाही.

आपल्याला हे सारं नवं नाही. जुळवून घे, मन मोठं कर, त्याच्यात चांगलं काय ते बघ. आईआजीने सांगितलेलं ते हेच, फक्त तेव्हा त्याला व्रत म्हणायचे आणि फी नव्हती. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती असल्या उपदेशाला वैतागूनच. आणि मथुरेचा खटला आठवा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० साली बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्रात एकही ‘पॉझिटिव्ह’ शब्द नव्हता. पण न्यायालयाला पत्र लिहून काही होईल असं वाटणं, याहून मोठा आशावाद कुठला? मथुरेला स्वतःला न्याय मिळाला नाही, हेही तितकंच खरं, आणि ते लपवून ही गोष्ट सांगू नये.

ओटिंगेनबाईंची एक युक्ती आम्ही आता केंद्रात वापरतो, आमच्या पद्धतीने बदलून. तिची पद्धत अशी की आधी इच्छा मनात आणायची, मग आड काय येतं ते पाहायचं, मग तोडगा ठरवायचा. ती आडकाठी माणसाच्या आतच शोधते. आम्ही कागदाचे चार रकाने करतो. काय हवं? आड काय येतं? त्यातलं माझ्या हातात काय? आणि चौथा, बाकीचं कुणाच्या हातात? चौथ्या रकान्यात ‘नशीब’ किंवा ‘समाज’ लिहायचं नाही, माणूस किंवा खुर्ची लिहायची. मागच्या आठवड्यात एकीने भरलेला कागद असा. काय हवं: स्वतःची खोली. आड काय: रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, हातात अनामत नाही, थोरला भाऊ नको म्हणतो. माझ्या हातात: शिलाईचे महिन्याचे पैसे वेगळे ठेवणं, भावाला सोडून वहिनीशी बोलणं. कुणाच्या हातात: पुरवठा निरीक्षक, संरक्षण अधिकारी, थोरला भाऊ. खाली तिने स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, ‘मंगळवारी तहसीलला जायचं, सोबत कोण?’ आम्ही दोघींनी नावं घातली.